न ऐकणाऱ्याची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात पैनगंगेच्या काठाला एक गाव होतं. नदीपल्याड तेव्हा परभणी जिल्हा लागायचा. हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीची. गावात तीन भाऊ राहायचे. बाप लवकर गेलेला, त्यामुळे घरात आजोबांचा शब्द चालायचा. त्यांना सारं गाव आबाजी म्हणायचं. तिघांची वावरं तीन दिशांना होती. खळं मात्र एक, गोठा एक आणि चूलही एकच.

कार्तिकात ज्वारीची कणसं भरली की रानडुकरं रात्रीची उतरायची. कळप एकदा वावरात शिरला की खातो थोडं आणि आडवं करतो जास्त. म्हणून तिघंही जागलीला जात. थोरल्याचं मचाण गावाच्या मावळतीला, मधल्याचं उत्तरेला गाडीरस्त्याच्या कडेला आणि धाकट्याचं पार उगवतीला, टेकडीच्या पायथ्याशी. अंगावर घोंगडी, हाताशी गोफण, वाजवायला टिनाचा डबा. डुकरं हाकलणं हे जागलीतलं घटकाभराचं काम. खरं काम असतं ते काहीही घडत नसताना जागं राहण्याचं. धाकटा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता आणि त्याला ते जमायचं.

त्या वर्षी आबाजींनी नांदेडकडच्या बाजारातून एक लालकंधारी कालवड आणली होती. गडद लाल रंग, लांब कान, डोळ्यांभोवती काळी कडा. एका संध्याकाळी गुरं परत आली, पण कालवड आली नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं. मिळाली नाही, तेव्हा जेवणं उरकून भाऊ आपापल्या मचाणावर गेले.

मध्यरात्र उलटल्यावर थोरल्याला एक हंबरडा ऐकू आला. एकच. तो उगवतीच्या अंगानं आला होता. मधल्यालाही ऐकू आला, तोही उगवतीकडूनच. दोघांनी कान देऊन वाट पाहिली, पण पुन्हा काही आलं नाही.

सकाळी पारावर माणसं जमली. थोरल्यानं सांगितलं, मधल्यानं दुजोरा दिला. मग सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे वळल्या, कारण उगवतीला सगळ्यांत पुढे तोच होता. आवाज त्याच्या उशाशीच झाला असणार.

“मले नाही आयकू आलं,” धाकटा म्हणाला.

“काऊन रे? झोपला असशीन.”

“नाही दादा. जागा होतो.”

“जागा होता अन् आयकू नाही आलं? आमाले एवढ्या दुरून आलं!”

लोक हसले. कुणीतरी त्याच्या वयावर बोललं, कुणी घोंगडीच्या उबेवर. धाकट्याचा चेहरा उतरला. ‘आलं होतं, बारीकसं,’ एवढं म्हटलं असतं तर त्याची सुटका झाली असती. ते खरं की खोटं हे कोण तपासणार होतं? तो मान खाली घालून उभा राहिला, पण शब्द बदलला नाही.

तेवढ्यात शेजारी पुढे झाला. त्याचं वावर नदीला लागून होतं. रात्री तो मचाणावर गाढ झोपला होता आणि डुकरांनी त्याची दोन तासं साफ केली होती. पण धाकट्याची गत पाहून त्याला ते कबूल करवेना. “मीबी आयकला,” तो म्हणाला. “नदीच्या अंगानं आला. साफ आयकू आला.”

उगवतीची बाजू म्हणजे नदीचं वळणही त्यातच येत होतं. शिवाय तीन तोंडांनी एकच गोष्ट सांगितली. अर्धं गाव नदीकडे निघालं. डोहाच्या कडेनं फिरले, लव्हाळ्यात काठ्या घालून पाहिल्या, गाळात खुरांचे माग शोधले. उन्हं डोक्यावर आली तरी काही हाती लागलं नाही.

आबाजी मात्र पारावरच बसून राहिले होते. त्यांनी धाकट्याला जवळ बसवून घेतलं.

“सांग मले, रातभर तुले काय काय आयकू आलं?”

“पयले देवळातलं भजन. मंग रस्त्यावरून एक टरक गेला. डुकरं आले, दोन डाव हाकलले. पहाटंकडे पिंगळा बोलत होता.”

“अन् कोल्हे?”

“मधल्या दादाच्या बाजूचे आयकले. टेकडीपल्याडचे मले कधीच आयकू येत नाही, आबाजी. कालचंच नाही, कधीच नाही.”

आबाजी उठले. काठी घेतली आणि नदीकडे पाठ करून टेकडीच्या मागच्या अंगाला चालू लागले. तिथे मुरुमाची एक जुनी खदान होती, कडेनं बोरीबाभळी माजलेल्या. कालवड तळाशी बसली होती. पुढचा पाय मुरगळलेला, नाकपुड्यांवर धूळ साचलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला. धाकटा खाली उतरला तेव्हा तिनं त्याचा हात खरखरीत जिभेनं चाटला.

संध्याकाळी पुन्हा पारावर माणसं जमली. आबाजींनी शेजाऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावलं नाही. एवढंच म्हणाले, “झोप लागली होती असं सांगतलं असतं, तर आमी नदीवर गेलो नसतो. झोप कोणालेबी लागते.” मग ते थोरल्याकडे वळले. “तुमी दोघांनी सांगतलं का ते उगवतीले हाय. पण उगवत लय मोठी हाय बापा. ह्या पोरानं सांगतलं का मले नाही आलं, म्हणूनच समजलं का ते टेकडीच्या आडोशाले हाय. ज्याले आयकू आलं त्याची साक्ष घ्या. ज्याले नाही आलं त्याचीबी घ्या. खोटी मात्र कोणाचीच घेऊ नका.”

वर्षं गेली. आबाजी गेले, थोरला आणि मधलाही गेले. धाकट्याचे केस पिकले आणि आता गाव त्याला आबाजी म्हणू लागलं. रानडुकरं तेवढी आहेत तशीच आहेत.

एका २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, गावच्या जिल्हा परिषद शाळेत कार्यक्रम होता. नातीनं आग्रह केला म्हणून म्हातारा गेला आणि मागच्या बाकावर बसला. विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर तारीख लिहिली होती: १७ ऑगस्ट २०१७.

“त्या दिवशी आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती,” मॅडम सांगत होत्या. “त्या वेळी पृथ्वीवरून एक लहर गेली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांवर आदळले होते. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान जागेत दाबून बसवलेलं. असे दोन तारे फिरतात तेव्हा अवकाशच ताणलं जातं आणि आखडतं. ती थरथर म्हणजे गुरुत्वीय लहर. आईनस्टाईननं ती १९१६ साली कागदावर मांडली होती. प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ला, दोन कृष्णविवरांच्या टकरीतून.”

मॅडमनी इंग्रजी एल अक्षर काढलं. अमेरिकेत लायगो नावाची अशी दोन यंत्रं आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरं सुमारे तीन हजार किलोमीटरवर लिव्हिंग्स्टनला. प्रत्येकाच्या दोन भुजा, एकेक भुजा चार किलोमीटरची. त्यांतून लेसर जातो, टोकाच्या आरशावरून परततो. लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. तिसरं यंत्र इटलीत पिसा शहराजवळ, त्याचं नाव व्हर्गो. त्याच्या भुजा तीन किलोमीटरच्या. ते त्याच महिन्याच्या एक तारखेला जोडीला आलं होतं.

“हे तीन कान,” मॅडम म्हणाल्या. “पण कानानं नेमकी दिशा कळत नाही. म्हणून डोळेही लागतात. असे तारे आदळले की गॅमा किरणांची एक चमक सुटते, दोनेक सेकंदांची. गॅमा किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून त्यांचे पहारेकरी वर, उपग्रहांवर असतात. लहर गेल्यावर १.७ सेकंदांनी नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या यंत्रानं ती चमक टिपली. युरोपच्या इंटिग्रल उपग्रहालाही ती मिळाली.”

मुलं ऐकत होती. तेरा कोटी वर्षं प्रवास केलेल्या दोन गोष्टी दोन सेकंदांच्या आत येऊन पोचल्या. म्हणजे गुरुत्वीय लहर आणि प्रकाश एकाच वेगानं धावतात, हेही त्या दिवशी कळलं. मॅडमनी एवढं सांगून पुढचं पान उलटलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला.

“मॅडम, इटलीवाल्याले आयकू आलं काय?”

मॅडम थांबल्या. “छान विचारलंत आबाजी. जवळजवळ नाहीच आलं. आणि गंमत म्हणजे लहर सगळ्यांत आधी त्याच्याच अंगावरून गेली होती. तिथून २२ मिलिसेकंदांनी लिव्हिंग्स्टनला पोचली आणि आणखी ३ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला.”

“जागा होता का तो?”

“जागा होता. यंत्र चालू होतं, नोंद नीट होत होती.”

“मंग त्याच्या आडोशाले असंन,” म्हातारा म्हणाला.

मॅडम फळ्याकडे गेल्या. एलच्या दोन भुजांच्या बरोबर मधून त्यांनी एक तिरपी रेघ ओढली. या रेघेच्या दिशेनं आलेली लहर दोन्ही भुजांना सारखाच झटका देते. यंत्र मोजतं तो दोन भुजांमधला फरक, आणि फरकच नाही म्हटल्यावर काही कळत नाही. अशा चार आंधळ्या दिशा प्रत्येक यंत्राला असतात. व्हर्गोला जवळजवळ काही मिळालं नाही, याचा अर्थ लहर त्याच्या अशाच एखाद्या दिशेजवळून आली होती. एकट्या फर्मीनं दाखवलेला आकाशाचा तुकडा सुमारे ११०० चौरस अंशांचा होता. अमेरिकेतल्या दोन कानांनी मिळून दाखवलेला सुमारे १९० चौरस अंशांचा. व्हर्गोची गप्प नोंद त्यात धरली, तेव्हा तो ३१ वर आला आणि पुढे नीट हिशेब केल्यावर २८ वर. तेवढ्यात दुर्बिणी फिरवणं माणसाच्या आवाक्यातलं होतं. त्या टापूतल्या एकेक दीर्घिकेकडे पाहत गेल्यावर, लहर आल्यापासून अकरा तासांच्या आत, चिलीतल्या लास कॅम्पानासच्या एक मीटर व्यासाच्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत एक नवा ठिपका दिसला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. त्याच ठिपक्याच्या उजेडातून पुढे कळलं की सोन्यासारखे जड धातू अशा टकरीत घडतात.

वर्तमानपत्रांनी सोन्याची बातमी मोठी केली आणि ते साहजिकच होतं. पण मला त्या दिवसातलं सगळ्यांत मोलाचं काही विचाराल तर ती व्हर्गोची जवळजवळ कोरी नोंद आहे. यंत्राला ताफ्यात येऊन दोन आठवडेच झाले होते. आपल्या आलेखात काही दिसत नाही हे सांगताना त्या माणसांवर किती दडपण आलं असेल! त्यांनी आलेख होता तसा पुढे ठेवला.

“अन् आपला भारताचा पहारेकरी नाही काय वर?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आहे की. अॅस्ट्रोसॅट.” मॅडमचा आवाज जरा चढला. २८ सप्टेंबर २०१५ला श्रीहरिकोट्याहून तो उडाला, पहिली गुरुत्वीय लहर सापडली त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी. त्याच्यावर सीझेडटीआय नावाचं एक उपकरण आहे. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियमच्या स्फटिकांचे ६४ तुकडे, प्रत्येकावर २५६ चौकटी. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि इस्रोची केंद्रं अशा अनेकांनी मिळून ते उभं केलं. मुळात ते समोरच्या आकाशाचं चित्र घेण्यासाठी बनवलेलं. पण शंभर किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरच्या गॅमा किरणांना त्याच्या भोवतीची पेटी अडवू शकत नाही. त्यामुळे पृथ्वीनं झाकलेला भाग सोडून चहूकडचं आकाश त्याला जाणवतं. ६ ऑक्टोबर २०१५ला ते सुरू केलं, आणि पहिल्याच दिवशी एक गॅमा स्फोट त्यात सापडला. २०२२ पर्यंत अशा स्फोटांनी पाचशेचा टप्पा गाठला.

“मंग त्या दिवशी त्याले दिसलं असंन.”

“नाही दिसलं. आपल्या माणसांनी लहरीच्या वेळेभोवतीची शंभर सेकंदांची नोंद तपासली. काहीही नव्हतं.”

म्हातारा थोडा पुढे सरकून बसला. “मधात काय होतं?”

“पृथ्वी,” मॅडम म्हणाल्या. “अॅस्ट्रोसॅट साडेसहाशे किलोमीटरवरून फिरतो. त्या क्षणी तो पृथ्वीच्या या अंगाला होता आणि ते तारे त्या अंगाला.”

मग त्यांनी बाकीच्या साक्षीही सांगितल्या, कारण मुलं आता ऐकायला तयार झाली होती. फर्मीवरच दुसरी एक मोठी दुर्बीण आहे, लॅट नावाची. लहर आली तेव्हा उपग्रह दक्षिण अटलांटिकवरच्या अशा पट्ट्यातून जात होता जिथे भारित कणांचा मारा फार असतो, म्हणून तिथे ती दुर्बीण नोंद घेत नाही. तिच्या चमूनं तसंच लिहिलं: आमची नोंद बंद होती. चीनचा इनसाइट उपग्रह मात्र चालू होता, त्याच्या समोरही ते आकाश होतं, तरी त्याला काही मिळालं नाही. हा नकार आणखी वेगळा. बघणाऱ्याच्या समोर असूनही दिसलं नाही, तर ती चमक अमुक एका मर्यादेपेक्षा मंदच असली पाहिजे. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी सव्वापाच तासांनंतर त्या जागेकडे पाहिलं. फार ऊर्जेच्या गॅमा किरणांची खूण त्यांनाही मिळाली नाही.

“म्हणजे चार नाही, अन् चारीचा अर्थ अलग,” म्हातारा म्हणाला. “झोपलो होतो. मधात टेकडी होती. त्या अंगाले माहा कानच नाही. अन् जागा होतो, समोर होतो, तरी नाही.”

मॅडमनी हे चारही नकार फळ्यावर लिहून घेतले आणि मुलांना वहीत उतरवायला सांगितले.

नातीनं हात वर केला. “मॅडम, कुणी खोटं नाही सांगितलं?”

खोटं नाही, पण घाई झाली असती अशी एक वेळ येऊन गेली होती, असं मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ४ जानेवारी २०१७ची हकीकत सांगितली. त्या दिवशी दुपारी दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर आली. जगभरच्या दुर्बिणी त्या टापूत काही उजळतंय का हे शोधायला लागल्या. हवाईतल्या अॅटलास दुर्बिणीला दुसऱ्या दिवशी तिथे एक नवी, झपाट्यानं मावळणारी ज्योत दिसली. जागा जुळत होती, वेळही जवळपास जुळत होती. कृष्णविवरांच्या टकरीतून उजेड निघतो असं सिद्ध झालं असतं तर तो फार मोठा शोध ठरला असता. त्याच वेळी पुण्यात सीझेडटीआयच्या नोंदी चाळल्या जात होत्या. लहरीच्या क्षणी त्यात काहीच नव्हतं. पण त्यानंतर सुमारे २० तासांनी एक गॅमा स्फोट स्पष्ट नोंदला गेला होता, तारीख ५ जानेवारी. ती ज्योत मागे मागे मोजत नेली तर तिचा आरंभ लहरीपाशी जात नव्हता, या स्फोटापाशी जात होता. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं मांडून सांगितलं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लहर एकाची, उजेड दुसऱ्याचा. आकाशात जवळजवळ एकाच जागी, एका दिवसाच्या अंतरानं, एवढाच योग.

“नदी,” म्हातारा पुटपुटला. नातीला तेवढ्यानं समजलं, कारण कालवडीची गोष्ट तिनं घरी ऐकलेली होती. बाकीच्या मुलांसाठी मग मॅडमनी त्यालाच ती सांगायला लावली. त्यानं शेजाऱ्याचं नाव घेतलं नाही.

मुलांनी पुष्कळ विचारलं. एकानं विचारलं की कान कमी पडले तर काय होतं. याचंही खरं उत्तर आहे. २५ एप्रिल २०१९ला आणखी दोन न्यूट्रॉन तारे आदळले, सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षांवर. हॅनफर्डचं यंत्र त्या वेळी बंद होतं. लिव्हिंग्स्टनला ऐकू आलं, व्हर्गोला जेमतेम. जागा काढली तर आठ हजार चौरस अंशांहून जास्त निघाली, म्हणजे सगळ्या आकाशाचा पाचवा हिस्सा. जगभरच्या दुर्बिणी शोधत राहिल्या, पण त्या टकरीचा उजेड खात्रीनं कुणालाच सापडला नाही.

म्हणून पैनगंगेच्या पल्याड, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जे उभं राहतंय त्याकडे यवतमाळच्या माणसानं लक्ष ठेवावं. नागनाथाच्या दर्शनाला आपण जातोच. त्याच तालुक्यात लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आखल्या गेल्या आहेत. फेब्रुवारी २०१६मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी रुपये मंजूर केले. हॅनफर्ड, लिव्हिंग्स्टन आणि इटली या तिघांपासून हा कान खूप दूर आहे आणि त्याच्या आंधळ्या दिशा त्यांच्याहून वेगळ्या असतील, हाच त्याचा मोठा उपयोग. एकाच्या आडोशाला असलेलं दुसऱ्याला ऐकू येईल, आणि कुणाला ऐकू आलं नाही यावरूनही जागा आणखी आवळली जाईल. डोळ्यांच्या बाजूनं ‘दक्ष’ नावाचा एक प्रस्ताव आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं मांडलेला आहे: गॅमा किरणांवर पहारा ठेवणारे दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन विरुद्ध अंगांना. एकाच्या आड पृथ्वी आली तर दुसऱ्याच्या आड ती नसेल. हा प्रस्ताव पुढे सरकावा असं मला मनापासून वाटतं.

आता एक विनंती आपल्या जिल्ह्यातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना. लंबकाच्या प्रयोगात आलेला आकडा पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नसला की मुलं तो खोडतात, पुस्तकातला लिहितात आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो. कृपा करून ती खूण करू नका. जे आलं ते त्यांना लिहू द्या. काही आलंच नसेल तर तसं लिहू द्या, आणि त्या वेळी काय काय चालू होतं, काय बंद होतं, मध्ये काय आडवं होतं, हेही लिहायला सांगा. औंढ्याचं यंत्र २०३०च्या सुमारास कामाला लागावं अशी आखणी आहे. आज आठवी-नववीत बसलेली मुलं त्यानंतरच्या काही वर्षांत शिकून बाहेर पडतील, आणि तिथल्या रात्रपाळीच्या नोंदी ठेवायला माणसं लागणार आहेत.